खाडीच्या हिशेबात बाई कुठे?

(कल्याण-डोंबिवली परिसरातील महिला मंडळं आणि संघटनांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



'खाडी आणि नदीचं खोरं' हा आजचा विषय ऐकून काहीजणींच्या मनात आलं असेल की हा शाळेतला भूगोलाचा धडा इथे कशाला? आपल्याकडे बाई येते ती मारहाणीची तक्रार घेऊन, रेशनकार्डावरचं नाव कापलं म्हणून, नळाला पाणी येत नाही म्हणून. खाडी म्हटलं की ती कोळ्या-आगऱ्यांची, फार तर पर्यावरणवाल्यांची, असं आपण धरून चालतो.

पण नळाला येणारं पाणी, पावसाळ्यात घरात शिरणारं पाणी, वालधुनीच्या काठावर डोकं चढवणारा वास आणि बाजारात दिसेनाशी झालेली खाडीची कोळंबी, हे सगळे एकाच पाण्याचे प्रश्न आहेत. या पाण्याचे अनेक हिशेब मांडले जातात. धरणात किती पाणी, कारखान्याला किती दंड, मच्छीमाराला किती भरपाई, खाडीत किती रोहित पक्षी. या हिशेबांच्या रकान्यांत बाईचं काम सहसा सापडत नाही. म्हणून आधी हे पाणी कसं चालतं ते पाहू आणि मग हिशेबाकडे येऊ.

पाणी येतं कुठून, जातं कुठे

आपली उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत ती कल्याणला येते. लांबी सुमारे १२२ किलोमीटर. वाटेत तिला पेज मिळते, बारवी मिळते, आणि शहापूर-मुरबाडकडून भातसा आणि काळू येऊन मिळतात. या सगळ्या नद्यांचं खोरं साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. म्हणजे मुरबाडच्या डोंगरावर झाड तुटलं, की त्या उतारावरची माती पावसात आपल्या खाडीत येते.

कल्याणपासून पुढे नदी खाडी होते. भरतीला समुद्राचं पाणी आत चढतं, ओहोटीला नदीचं पाणी बाहेर जातं. ठाण्याजवळ या पाण्याला दोन वाटा फुटतात. मोठी वाट घोडबंदरवरून वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. दुसरी अरुंद वाट ठाणे शहराला वळसा घालून दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत उतरते आणि मुंबई बंदराकडे जाते. ही वाट अरुंद आणि उथळ असल्यामुळे ठाण्याच्या खाडीच्या वरच्या टोकाला पाणी नीट धुऊन निघत नाही. आत आलेली घाण भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे होत तिथेच फिरत राहते.

याच खाडीमुळे कल्याण दोन हजार वर्षांपूर्वी बंदर होतं. ग्रीक खलाशांसाठी लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणकरांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत बायकाही आहेत. त्या काळी बाईचं नाव निदान दगडावर तरी आलं. आजच्या सरकारी पाहणीत ते येतं का, हे आपण पुढे बघणार आहोत.

उन्हाळ्यातही उल्हासला पाणी कसं असतं, याचाही विचार करायला हवा. भिवपुरीला टाटांचं वीजघर आहे. घाटमाथ्यावर ठोकरवाडीचं धरण बांधून १९२२ साली ते सुरू झालं. घाटावरचं जे पाणी एरवी पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात गेलं असतं, ते पश्चिमेला वळवून इथे वीज केली जाते आणि ते पाणी उल्हासच्या खोऱ्यात उतरतं. आपल्या हंड्यात येणाऱ्या पाण्यात भीमेच्या काठच्या बाईचाही वाटा आहे, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

चिखलाची श्रीमंती

खाडी म्हणजे घाण, डास आणि दलदल अशी शहरातल्या माणसाची समजूत असते. म्हणून तर तिथे भराव टाकला की 'जागा सुधारली' असं म्हणतात. खरं पाहता गोडं आणि खारं पाणी मिसळतं ती जागा फार सुपीक असते. नदी डोंगरावरून माती, पालापाचोळा आणते. खाऱ्या पाण्याची गाठ पडली की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून खाली बसतात आणि चिखल तयार होतो. त्या चिखलात किडे, शेवाळ, शिंपले वाढतात, त्यांच्यावर मासे आणि पक्षी जगतात.

काठावर तिवर, कांदळ, चिपी अशी खारफुटीची झाडं असतात. तिवराची मुळं खुंट्यांसारखी चिखलातून वर येतात, कारण चिखलात हवा नसते आणि झाडाला श्वास घ्यायचा असतो. या मुळांत गाळ अडतो, लाटेचा जोर मोडतो आणि माशांच्या-कोळंबीच्या पिल्लांना लपायला जागा मिळते. समुद्रात मोठी होणारी कितीतरी कोळंबी आणि मासे लहानपण खाडीत काढतात. ती समुद्राची अंगणवाडी म्हणा ना! ही अंगणवाडी बुजवली, तर पुढे समुद्रात जाळं टाकणाऱ्याच्या हातीही कमीच येणार.

हाताने मासे धरणारी बाई

आता या चिखलात काम कोण करतं ते पाहू. होडी घेऊन जाळं टाकायला पुरुष जातो. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून हाताने चिंबोऱ्या, निवट्या, कालवं, तिसऱ्या गोळा करते ती बाई. कालवं फोडते ती, सुकवते ती, पाटीत घालून बाजारात बसते तीही. ठाण्याची चेंदणी, कोपरी, कळवा, विटावा, पुढे मुंब्रा-दिवा आणि डोंबिवलीचं मोठागाव, या सगळ्या खाडीकाठाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. या कामाला भांडवल लागत नाही. लागतं ते भरती-ओहोटीचं ज्ञान, कुठला चिखल पाय धरून ठेवतो याची जाण आणि मजबूत कंबर.

हा पैसा थेट बाईच्या हातात येतो. होडीचा पैसा घरात येतो तो पुरुषाच्या हातून, कधी येतो, कधी वाटेतच जिरतो. पण चिंबोरीच्या वाट्याचे पैसे तिच्या कनवटीला असतात. मुलाच्या वहीला, दवाखान्याला, सासरी तोंड उघडायला हे पैसे उपयोगी पडतात. खाडी मेली की हा पैसा आधी आटतो. मग तीच बाई चाळीस-पन्नास वर्षांच्या वयात शहरात घरकाम शोधत फिरते. त्या दिवसापासून ती आपल्या घरकामगारांच्या यादीत येते. मच्छीमारांच्या यादीत मात्र ती आधीही नव्हती, कारण त्या यादीत नाव लागायला होडी लागते, संस्थेचं सभासदत्व लागतं, आणि ते बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतं.

हा नुसता मानापमानाचा मुद्दा नाही. वाशीच्या खाडीवर तिसरा पूल होणार होता तेव्हा मरियायी मच्छीमार सहकारी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. प्रकल्पामुळे ज्यांची रोजीरोटी जाते त्या मच्छीमारांना नुकसानभरपाई मिळालीच पाहिजे, असा निकाल ऑगस्ट २०२१ मध्ये लागला. महत्त्वाचा निकाल आहे. आता खाडीवर जो जो पूल, रस्ता, जेट्टी होईल तिथे हा प्रश्न उभा राहणार. त्या वेळी पाहणी करणाऱ्याने दारात येऊन 'होडी किती?' एवढंच विचारलं, तर हाताने मासे धरणारी बाई कागदावर उरणारच नाही. म्हणून 'ओहोटीला चिखलात कोण जातं? महिन्यातून किती दिवस? काय आणि किती मिळतं?' हे प्रश्न पाहणीत घालून घेणं हे आपलं काम आहे.

वरून काय येतं

अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली या पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतींचं पाणी आणि सगळ्या शहरांचं मैलापाणी शेवटी खाडीतच येतं. वालधुनी अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरात निघते. १०६० साली बांधलेलं शिवमंदिर तिच्याच काठावर आहे. तिथून उल्हासनगर ओलांडून कल्याणला येईपर्यंत तिचा नाला होतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात या नदीत रात्रीच्या वेळी रसायन ओतलं गेलं आणि त्याच्या वायूने दोनशेहून अधिक माणसांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्याच वर्षी डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला. रंग दिसला की बातमी होते. जे पाण्यात दिसत नाही, त्याची बातमी होत नाही.

मैलापाण्याचं काय होतं? पाण्यातले जिवाणू ती घाण खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. घाण जास्त, पाणी कमी, ऊन कडक, अशा एप्रिल-मेमध्ये माशांना श्वास घ्यायला प्राणवायू उरत नाही. उल्हासवर हिवाळा-उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, तोही या मैल्यातल्या खतावर पोसलेला असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी २०१८ साली केली, तिच्यात उल्हासचा मोहने ते बदलापूर हा पट्टा आहे. याच नदीचं पाणी मोहिली-बारावेच्या केंद्रांत शुद्ध करून कल्याण-डोंबिवलीच्या नळाला येतं.

'वनशक्ती' या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात नेलं. २०१५ साली पुण्याच्या खंडपीठाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि नगरपालिका-महापालिकांवर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा बोजा ठेवला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. अशा लढाईचं मोल मोठं आहे. फक्त आपण एक प्रश्न जोडू या: ज्या बाईच्या पायाला चिखलात उभं राहून खाज-फोड येतात, जिच्या पाटीतल्या मालाला रॉकेलसारखा वास येतो म्हणून गिऱ्हाईक तोंड फिरवतं, तिचा वाटा या कोटींमध्ये किती?

दुसरी बाजूही बोलली पाहिजे. उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांनी वालधुनीचं पाणी निळं केलं, हे खरं. ते बंद व्हावेत म्हणून आंदोलनं झाली, पुढे बरेचसे बंदही झाले आणि काही जवळपासच्या गावांकडे सरकले. पण त्याच जीन्सचे धागे कापण्याचं काम घरात बसून, नगामागे पैसे घेऊन करतात त्या आपल्याच वस्तीतल्या बायका. कारखाना बंद म्हटल्यावर त्यांच्या हातचं काम जातं, आणि कुणी त्यांना विचारतही नाही. 'नदी वाचवा' म्हणणाऱ्या आपण आणि 'काम वाचवा' म्हणणाऱ्या आपण वेगळ्या नाही. म्हणून मागणी अशी हवी की पाणी स्वच्छ करण्याचा खर्च मालकाने करावा, आणि कारखाना हलला तर घरकाम करणाऱ्या बाईची नोंद होऊन तिला पर्यायी काम मिळावं.

धरणाच्या वरची बाई

आता खोऱ्याच्या वरच्या टोकाला जाऊ. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसातून येतं. त्याच शहापूरच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो आणि विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरावं लागतं. हे भरणारे हात कुणाचे असतात ते सांगायला नको.

बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली कारखान्यांसाठी बांधलं. पुढे आपली शहरं वाढली तशी त्याची उंची वाढवली, आणि २०१९ च्या पावसात ते वाढीव उंचीपर्यंत भरलं. त्या पाण्याखाली गावं-पाडे गेले. विस्थापितांना घरटी एक नोकरी असं धोरण ठरलं. घरटी एक म्हणजे ती कोणाच्या नावाने लागते, हे आपण सगळ्याजणी जाणतो. जमीन गेली, रान गेलं, मोहाची फुलं आणि रानभाजी गेली. हे सगळं गोळा करणारी बाई होती, नोकरी मात्र मुलाची. सून घरात नांदली तर तिला त्यातून दोन घास, नाहीतर तेही नाहीत.

मुरबाडमध्ये काळू नदीवर धरणाचं काम वनखात्याची परवानगी नसतानाच २०११ साली सुरू झालं. जवळजवळ हजार हेक्टर जंगल त्यात जाणार होतं. श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. त्या आंदोलनात आदिवासी बाया पुढे होत्या. धरणाची योजना मात्र सरकारने सोडलेली नाही. हे पाणी आपल्यासाठी आणायचं आहे, असं सांगितलं जातं. मग आपणच विचारलं पाहिजे की आमच्या शहरात गळतीने किती पाणी वाया जातं, संकुलांतल्या पोहण्याच्या तलावांना किती जातं, आणि झोपडपट्टीतल्या नळाला किती मिळतं?

धरणाचा खाडीशीही संबंध आहे. गोडं पाणी वरच अडलं की उन्हाळ्यात खाडी जास्त खारट होते. ज्या पिल्लांना मचूळ पाणी लागतं, ती तिथे राहत नाहीत. म्हणजे काळूच्या पाड्यावरची ठाकरीण आणि दिव्याच्या खाडीवरची आगरीण एकमेकींना कधी भेटल्या नसल्या, तरी त्यांचं नुकसान एकाच नळीतून होतं.

पूर येतो तेव्हा

२६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. मुंबईच्या बातम्यांत कल्याण, उल्हासनगर, बदलापूर मागे पडलं, पण वालधुनी आणि उल्हास इथे घराघरांत शिरल्या होत्या. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. सुमारे हजार प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर बायका. सगळे सुखरूप बाहेर आले, ते बचाव पथकांमुळे आणि आसपासच्या गावकऱ्यांमुळे.

पाऊस जास्त पडला हे खरं, पण पाण्याला जायला जागाही उरली नाही. नदीच्या पात्रात भराव, काठावर इमारती, खाडीत गाळ, तिवरं तोडलेली. उधाणाची भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की समुद्र पाणी घेत नाही आणि नदी ते मागे आपल्या वस्तीत ढकलते. पाणी ओसरल्यावर घर धुणं, ओल्या धान्यातून खायचं निवडणं, मुलांचं दुखणं काढणं हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. पंचनाम्यात भिंत लिहिली जाते, टीव्ही लिहिला जातो. बुडालेली शिलाई मशीन किंवा पापडाचं पीठ 'घरातलं सामान' होऊन जातं.

रेतीचंही तसंच. मुंब्रा, दिवा, कल्याणच्या काठाने रेतीचा उपसा झाला, काठ ढासळले, खारबंदिस्ती फुटून खारं पाणी भाताच्या शेतात शिरलं. रेतीविरुद्ध बोलणं सोपं नव्हतं. सुमैरा अब्दुलाली यांच्यावर २००४ साली अलिबागजवळ किहीमला हल्ला झाला तो यासाठीच. पुढे त्यांच्या आवाज फाउंडेशनच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१० साली रेती उपशावर बंदी घातली.

रोहित पक्षी आणि कोळीण

ठाण्याच्या खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर केलं, क्षेत्र १६९० हेक्टर. २०२२ साली तिला रामसर पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. तिवरांचंही तसंच. उच्च न्यायालयाने २००५ साली तोडीला बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात खारफुटी तोडणं हे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचंच उल्लंघन आहे असं म्हटलं. या सगळ्याचं आपण स्वागतच केलं पाहिजे.

मात्र पक्षी इथे इतके का येतात, यामागचं एक कारण अभ्यासक सांगतात ते ऐका. मैलापाण्यामुळे खाडीत शेवाळ भरमसाट वाढतं, आणि लहान रोहित तेच खातो. म्हणजे पक्षी वाढले याचा अर्थ खाडी निरोगी झाली असा नव्हे. मासे घटले आणि पक्षी वाढले, असं एकाच पाण्यात होऊ शकतं. फोटो पक्ष्याचा निघतो, माशाअभावी रिकाम्या पाटीचा निघत नाही. आणि उद्या संरक्षणाच्या नावाखाली भराव टाकणारा ट्रक सोडून चिंबोऱ्या धरणारी बाईच रखवालदाराने हटकली, तर तेही आपल्याला चालणार नाही.

बाई निसर्गाच्या जवळ असते का?

या विषयावर स्त्रीचळवळीत जुना वाद आहे. वंदना शिवा यांनी १९८८ साली 'स्टेइंग अलाइव्ह' या पुस्तकात स्त्री आणि निसर्ग यांचं नातं मूलभूत मानलं. बीना अगरवाल यांनी १९९२ च्या लेखात त्याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की बाईचा निसर्गाशी संबंध तिच्या वाट्याला आलेल्या कामातून आणि तिला नाकारलेल्या मालकीतून येतो, तो जात आणि वर्गाप्रमाणे बदलतो. मला हे दुसरं म्हणणं पटतं. डोंबिवलीच्या सातव्या मजल्यावरची बाई आणि मोठागावची कोळीण या दोघी बाया आहेत म्हणून खाडीला सारख्याच जवळ नाहीत. शिवाय 'बाई निसर्गाची लेक' म्हटलं की निर्माल्य वेगळं करायचं, कचरा निवडायचा, पाणी जपून वापरायचं हा सगळा उपदेश तिलाच होतो. कारखान्याचा नळ कुठे सुटतो हे ठरवणाऱ्या बैठकीला मात्र तिला बोलावत नाहीत.

आपण काय करू शकतो

पहिलं, नोंद. प्रत्येक गटाने आपल्या जवळच्या काठावर खाडीत जाणाऱ्या बायकांची यादी करावी. नाव, किती वर्षं काम, काय धरतात, पूर्वी किती मिळायचं, आता किती. नगामागे काम करणाऱ्या घरकामगारांचीही अशीच यादी. भरपाईच्या दारात हाच कागद उपयोगी पडेल.

दुसरं, समिती. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती करायची असते आणि नियमाप्रमाणे तिच्यात किमान एक तृतीयांश बायका हव्यात. आपल्या ठिकाणी ती समिती आहे का, त्यात कोण बायका आहेत, त्यांतली एक तरी चिखलात उतरणारी आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या नगरसेविकांनाही हे विचारा.

तिसरं, सुनावणी. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी लागते तेव्हा अहवालातलं मच्छीमारांचं प्रकरण आधी वाचा. त्यात बायकांचा आकडा नसेल, तर लेखी हरकत द्या. लेखी हरकत इतिवृत्तात राहते, तोंडी बोललेलं गळून जातं. हरित न्यायाधिकरणात नुकसान झालेली कोणीही व्यक्ती अर्ज करू शकते, हेही लक्षात असू द्या.

चौथं, गाठभेट. शहापूर-मुरबाडच्या बाया, वालधुनीकाठच्या बाया आणि खाडीवरच्या बाया यांना एका जागी बसवू या. पाणी तिघींचं एकच असलं, तरी मागण्या कधी कधी एकमेकींच्या विरुद्ध जातील. शहरातल्या बाईला जास्त पाणी हवं, पाड्यावरच्या बाईला धरण नको. हे भांडण पुढाऱ्यांनी आपल्यात लावून देण्याआधी आपणच समोरासमोर बसून करावं.

येत्या दोन महिन्यांत यादीचं काम सुरू करायचं आहे. कोणता गट कोणता काठ घेणार, ते ठरवूनच आज उठू या.